दाराबाहेरचे चौरस फूट

'तू चाळीत राहतेस? हाऊ क्यूट!'

हे वाक्य मी आजवर किमान पंचवीस वेळा ऐकलंय. बहुतेकदा लोअर परळच्या एखाद्या कॉफी शॉपमध्ये आणि बहुतेकदा टॉवरमध्येच वाढलेल्या कुणाकडून तरी. पुढचे प्रश्नही ठरलेले. गणपतीत जाम धमाल येत असेल ना? सगळ्यांची दारं उघडी असतात ना? अजून वाटी घेऊन साखर मागायला जाता का? मग समोरचा मोबाइल काढतो आणि सांगतो, की त्याला चाळींचे फोटो काढायला भयंकर आवडतं. लाकडी जिने, जुने कठडे, वाळत घातलेल्या साड्या... 'मस्त फ्रेम मिळते यार!'

मी हसून घेते. कॉफी पाजणाऱ्याशी फ्रीलान्स पत्रकारानं वाद घालू नये, हा मास कम्युनिकेशनच्या कुठल्याच पेपरात न शिकवलेला नियम आहे. पण त्या फ्रेममध्ये कधीच न येणारी गोष्ट आज सांगून टाकते.

आमची चाळ लालबागची. तळमजला अधिक तीन मजले, एकूण साठ खोल्या. आमच्या मजल्यावर पंधरा बिऱ्हाडं आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. त्यातल्या एकाची कडी मी प्राथमिक शाळेत असल्यापासून लागत नाही, आणि मी आता अठ्ठावीस वर्षांची आहे! सकाळी सात ते साडेआठ हा आमचा पीक अवर. बादली घेऊन उभं राहायचं. पुढे शेजारचे अण्णा, मागे काकू. आपण सगळे इथे कशासाठी उभे आहोत हे कुणालाच ठाऊक नाही, अशा थाटात पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. रात्री दोन वाजता जायची वेळ आली, तर आईला उठवायचं. ती बाहेर पहाऱ्याला उभी राहणार. पाळीच्या दिवसांबद्दल तर बोलायलाच नको. मला बघायला आलेल्या एका स्थळाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच विचारलं होतं, 'सेल्फ कंटेन्ड नाही का?' मुलगा तसा बरा होता. पण विषय तिथेच संपला.

तेव्हा 'चाळसंस्कृती वाचवा' वगैरे म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. आमची चाळ पडावी आणि तिथे धड इमारत उभी राहावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. गेल्या वर्षी एका बिल्डरचा प्रस्ताव आला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला. गेटवर बॅनर लागला. त्यावर निळंशार आकाश, हिरवीगार झाडं आणि हेडफोन लावून जॉगिंग करणारी गोरी माणसं. (ही माणसं लालबागमध्ये कुठून येणार, हे कोडं चाळीत अजून कुणाला सुटलेलं नाही.) मग घरोघरी संमतीपत्रं आली. बाबांनी लगेच चष्मा शोधायला घेतला. आईनं मात्र सोबत जोडलेला प्लॅन उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, 'ह्यात गॅलरी कुठाय?'

'अगं, तीनशे फुटांचं घर मिळतंय,' बाबा म्हणाले. 'संडास-बाथरूम आत. आता गॅलरी घेऊन काय करायचीय?'

आईनं उत्तर दिलं नाही. कागद घडी करून टीव्हीखाली ठेवला आणि कुकर लावायला उठली. आमच्याकडे ह्याचा अर्थ 'विषय संपलेला नाही' असा होतो. मग मी त्या गॅलरीच्या मागे लागले. पुढचे काही महिने जमेल तशी फिरले, नियम वाचले, माणसांना भेटले. माझ्या धंद्याचा घरच्यांना एवढा तरी उपयोग!

आधी हे सगळं इथवर कसं आलं, ते थोडक्यात. मुंबईतली घरभाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली गेली, आणि १९४७च्या कायद्यानं ती तशीच ठेवली. १९९९ साली नवा भाडेनियंत्रण कायदा आला, तरी पागडीच्या खोल्यांची भाडी फारशी हलली नाहीत. आमचं भाडं आजही महिन्याला दोनशेच्या आत आहे. रविवारी मागवलेला पिझ्झा त्याहून महाग पडतो. एवढ्या पैशांत मालक जिना बांधून देईल, ही अपेक्षाच चुकीची. मालक परवडत नाही म्हणून दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू 'घर आपल्या नावावर कुठाय' म्हणून करत नाहीत. मधल्या मधे लाकूड मात्र कुजत राहतं. १९६९ साली सरकारनं कायदा करून अशा इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीची जबाबदारी स्वतंत्र मंडळाकडे दिली. तेव्हा मुंबई शहरात अशा १९ हजार ६४२ इमारती होत्या. त्यांना टेकू लागले. काही ठिकाणी टेकू इतकी वर्षं राहिले, की लहान मुलांना तेच खांब वाटायला लागले.

मग १९९१च्या विकास नियमावलीत एक आयडिया पक्की झाली. जुन्या भाडेकरूंना फुकट घर द्या आणि त्या बदल्यात जास्तीचा एफएसआय घेऊन वर मजले चढवा, विका. सरकारचा खिसा रिकामा होत नाही, भाडेकरूचा होत नाही, बिल्डरचा तर नाहीच नाही. पैसे येतात ते आकाशातून, म्हणजे अक्षरशः! भाडेकरूला मिळायचं घर आधी किमान २२५ चौरस फुटांचं होतं, नंतर ते ३०० झालं. संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आली. आमच्या साठ खोल्यांचा हिशेब केला तर एकतीस सह्या.

आता चाळीतल्या मीटिंगा कशावर रंगतात बघा. तीनशे की सव्वातीनशे? कार्पेट की बिल्टअप? कॉर्पस किती? बाहेर राहायचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार? हे सगळं महत्त्वाचंच आहे, प्रश्नच नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीतली ६७२ कुटुंबं पुनर्विकासासाठी घरं सोडून बाहेर पडली आणि दीड दशक भाड्याच्या घरांतून फिरत राहिली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण हे सगळे प्रश्न दाराच्या आतले. आपण दार उघडून बाहेर पाऊल टाकल्यावर तिथे काय असणार, ह्यासाठी त्या फॉर्मवर एक ओळसुद्धा नाही.

माझी आत्या परळला राहायची. तिची चाळ आमच्या आधी पडली. बिल्डर वेगळा, वायदे तेच. नवं घर तीन वर्षांत मिळणार होतं, ते दहा वर्षांनी मिळालं. तोवर काका गेले. आता ती सतराव्या मजल्यावर राहते. घर खरंच छान आहे. फरशी चकचकीत, खिडकीतून लांबवर समुद्राची एक चिरोटी दिसते. पहिल्यांदा गेले तेव्हा आत्यानं मला हात धरून बाथरूम दाखवायला नेलं. हॉल नाही, किचन नाही, आधी बाथरूम. 'बघ, माझं आहे. एकटीचं,' म्हणाली. त्या दोन वाक्यांपुढे चाळीवरचे सगळे हळवे लेख मी ओवाळून टाकीन.

पण चाळीत दिवसातून तीनदा भाजीबाजारात जाणारी, येता-जाता दहा जणांची खबर घेणारी ही बाई आता आठवड्यातून दोनदा खाली उतरते. लिफ्ट दोन आहेत, त्यातली एक बहुतेकदा बंद. दुसरीसाठी रांग. आणि उतरून करायचं काय? खाली पहिले सहा मजले गाड्यांचे. झाडं, बाकं, मुलांचे झोपाळे आहेत, पण ते शेजारच्या विक्रीच्या टॉवरसाठी. त्यांचं गेट वेगळं, वॉचमन वेगळा. आमच्या लोकांचं गेट मागच्या गल्लीत. मजल्यावर आठ दारं, आठही बंद. मधला पॅसेज ट्यूबलाइटच्या उजेडाचा आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला टेकावं असा. तिथे खुर्ची टाकून बसायची सोय नाही. चप्पल-स्टँड ठेवला तरी सोसायटीची नोटीस येते, आग लागली तर वाट मोकळी हवी म्हणून. नियम बरोबरच आहे म्हणा. भाडं गेलं आणि महिन्याला साडेतीन हजारांचा मेंटेनन्स आला, तोही भरायलाच हवा. भिशी मात्र मोडली. बारा जणींतल्या चौघींनी घरं विकून विरार-बदलापूर गाठलं, दोघी वारल्या, उरलेल्या वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. फोनवर बोलतात. 'एकाच बिल्डिंगीत राहून फोनवर?' असं मी विचारलं, तर म्हणाली, 'मग काय दार वाजवू? लोकांना आवडत नाही गं.'

परत चाळीत जाशील का, असंही विचारलं. 'मुळीच नाही,' असं तिनं सांगितलं. अजिबात न थांबता.

म्हणजे एका बाजूला संडास आणि दुसऱ्या बाजूला गॅलरी. पण एक घ्यायचं तर दुसरं सोडायलाच हवं, हे ठरवलं कुणी?

आमची गॅलरी म्हणजे नुसती जायची-यायची वाट नव्हे, ते आमचं इंडस्ट्रियल इस्टेट आहे. आई गेली अठरा वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. खोलीत चौघांची पथारी जेमतेम मावते, तिथे चाळीस किलो चकली कुठून होणार? दुपारी पुरुष कामावर गेले की गॅलरीत चटया पसरतात. सहा-सात जणी बसतात. एक भाजणी मळते, दोघी सोऱ्या फिरवतात, एक पिशव्यांना सील मारते. माझ्या कॉलेजची फी ह्या गॅलरीत तळली गेलीय. आईला प्लॅनमध्ये गॅलरी दिसली नाही म्हणजे तिला आपलं दुकानच दिसलं नाही. बाबांच्या लक्षात हे आलं नाही, कारण ते दुपारी घरी कधी नसायचेच.

आणि ही एकट्या आमच्या चाळीची गोष्ट थोडीच आहे? १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं, तेही गिरणी कामगारांना जेवण रांधून घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचं. मॅनेजमेंटच्या वर्गात ह्या केस स्टडी मोठ्या कौतुकानं शिकवतात. भांडवल उसनं आणता येतं हो. पण सगळ्यांना मिळून बसता येईल अशी, भाडं न लागणारी, घरापासून दहा पावलांवरची जागा होती म्हणून सात जणी एकत्र बसू शकल्या. आजच्या सतराव्या मजल्यावर त्या सात जणींनी लाटणी घेऊन बसावं कुठे, सांगा.

मुंबईनं जुन्या वस्त्या पाडून नव्या बांधणं काही आज सुरू केलेलं नाही. १८९६ला प्लेगची साथ आली. तिच्यानंतर १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वारा खेळावा म्हणून दाट वस्ती कापून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. दादर-माटुंग्याला नवं उपनगर आखलं. आजही हिंदू कॉलनीतून पारसी कॉलनीकडे संध्याकाळी चालत जाऊन बघा. झाडांची कमान, मधे फाइव्ह गार्डन्स, आणि ज्यावरून खरंच चालता येतं असा फूटपाथ. तिथे घरं आखायच्या आधी रस्ते आणि बागा आखल्या होत्या. अर्थात ज्यांची घरं पाडली त्यातल्या फार थोड्यांना तिथे राहायला मिळालं, हाही इतिहासच. त्यांच्या वाट्याला आल्या चाळी.

१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७. प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्या इतक्या रुक्ष होत्या, की १९३०च्या सत्याग्रहाच्या काळात सरकारनं वरळीच्या चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला होता आणि त्यासाठी फार काही बदलावं लागलं नसणार! आता शिवडी सोडून बाकी १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडा करतेय. प्रत्येक भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर, तेही मोफत. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीतल्या पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. टीव्हीवर तो सोहळा बघताना आई पदरानं डोळे पुसत होती. १६० वरून ५००! तिप्पट! आणि ते व्हायलाच हवं होतं.

मी वरळीला गेले होते, ते उरलेल्या जुन्या चाळी बघायला. बीडीडीला आमच्यासारखी बाहेरची गॅलरी नाही. मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंनी खोल्या. भर दुपारी अंधार. तरीही त्या अंधारात पोरं क्रिकेट खेळत होती, एक आजी लसूण सोलत होती आणि दोन चाळींच्या मधल्या जागेत कॅरम चालू होता. पलीकडे जांबोरी मैदान. बघता बघता डोक्यात आलं, की १६० फुटांच्या खोलीत कुणी शंभर वर्षं राहूच शकत नाही. माणसं राहत होती ती खोली अधिक पॅसेज अधिक आवार अधिक मैदान, ह्या सगळ्यात मिळून. त्यांचं घर १६० फुटांचं कधीच नव्हतं. पुनर्विकासाचा हिशेब करताना मात्र फक्त खोलीच मोजली जाते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे चाळीत राहतो? आमचा काय संबंध? पण लोअर परळला किंवा प्रभादेवीला ऑफिस असेल, तर संबंध रोजचा आहे.

मी कामासाठी लालबागहून लोअर परळला चालत जाते. भारतमाता सिनेमापासून करी रोडचा पूल ओलांडायचा, डिलाईल रोडला लागायचं. पंचवीस मिनिटं. जुन्या चाळींच्या पुढून जाताना खाली वाण्याचं दुकान, इस्त्रीवाला, चहाची टपरी, डबेवाल्यांच्या सायकली. रात्री अकराला परतले तरी भीती वाटत नाही. कुणी ना कुणी गॅलरीत असतंच. आमच्याकडच्या मालवणच्या आजी तर माझी वाटच बघत असतात, 'खयसून इलंस गो इतक्या रातीचा?' (रस्त्यावर माणसांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो, हे सांगायला जेन जेकब्स बाईंना १९६१ साली एक अख्खं पुस्तक लिहावं लागलं. आजींना एक वाक्य पुरतं.) मग नव्या टॉवर्सचा पट्टा लागतो. लांबच लांब भिंत. दर पन्नास पावलांवर गाडीचा रॅम्प, तिथे फूटपाथ गायब. वॉचमन शिट्टी मारून मला थांबवतो, कारण आतून गाडी येतेय. वर सहा-सात मजल्यांवर नुसत्या गाड्या, म्हणजे माझ्या डोक्यावर माणसाचा एकही डोळा नाही. त्या भिंतीशेजारून रात्री मी चालत नाही, टॅक्सी करते. दीड किलोमीटरला टॅक्सी! मुंबई महानगरातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायीच होतात, हे २००८च्या वाहतूक अभ्यासात आलेलं आहे. पण त्या निम्म्या लोकांसाठी बिल्डिंगीच्या प्लॅनवर रंगच नसतो.

गिरण्या गेल्या आणि ऑफिसं आली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी होता. २००१मध्ये नियम बदलला. ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली, म्हणजे तुकडा उरला. २००६ला सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम ठेवला. लाखो चौरस फुटांची ऑफिसं उभी राहिली. तिथे रोज उतरणाऱ्या माणसांसाठीचे जिने मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ला सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. कामावर निघालेली माणसं, हातात डबा, गळ्यात आयकार्ड. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८मध्ये बंद झाला, तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. पाच वर्षं आम्ही सगळे पत्र्यांच्या कडेकडेनं चालत होतो. त्याच पाच वर्षांत आजूबाजूला किती टॉवर पूर्ण झाले, ते तुम्हीच मोजा.

इलाज नाही असं नाही. एकेक चाळ सुटी घेऊन पाडली, की प्रत्येक प्लॉटला आपली भिंत, आपला रॅम्प, आपला पेन्सिलसारखा टॉवर. म्हणून २००९ला समूह पुनर्विकासाचा नियम आला. शहरात किमान चार हजार चौरस मीटरचा पट्टा एकत्र घ्या, मग रस्ते, फूटपाथ, मोकळी जागा नव्यानं आखता येते. कागदावर उत्तम आहे. पण शेजारच्या दोन चाळींचं गणपतीच्या मंडपावरून तीस वर्षं पटत नसेल, तर त्यांना एका प्लॅनवर आणणार कोण? आमच्याकडे नेमकं हेच आहे. शेजारच्या चाळीत बोलायला मी गेले होते. चहा छान दिला.

मग आमच्यापुरतं तरी काही करावं म्हणून मी, आई आणि माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण बसलो. मैत्रिणीनं पहिलं काम काय केलं, तर घराचा प्लॅन बाजूला ठेवला आणि तळमजल्याचा मागवला. 'सगळे आपला फ्लॅट बघतात, खालचा कागद कुणी मागतच नाही,' ती म्हणाली. बिल्डरच्या ऑफिसातून तो मिळायला पाच आठवडे आणि अकरा फोन लागले. आला तेव्हा कळलं, की आमचं गेट मागच्या गल्लीत आहे, अगदी आत्याच्यासारखं. आज रस्त्यावर उघडणारी सात दुकानं आत वळवलीत. व्यायामशाळा आणि बालवाडी कुठेच नाही. झोपडपट्टी योजनेत बालवाडी आणि कल्याण केंद्र नियमानंच द्यावं लागतं. आम्ही पडलो चाळवाले, आम्हाला मागूनच घ्यावं लागणार.

गेल्या महिन्यातल्या रविवारी चाळीच्या आवारात मीटिंग झाली. साठापैकी चौतीस सह्या आधीच झालेल्या होत्या. म्हणजे आईची सही नसली तरी चाळ पडणारच होती, आणि हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला, तोही उलटा. म्हणाली, 'घर छान आहे. दर चार मजल्यांमागे एक खोली आम्हाला बसायला ठेवा. मोठी नको. उजेड हवा, पाण्याचा नळ हवा. आणि गेट पुढच्या रस्त्यावर हवं. मागच्या गल्लीत रात्री पोरी कशा येतील?'

बिल्डरचा माणूस गोड बोलणारा होता. 'मावशी, अशा खोल्या काढल्या की आमचा विक्रीचा एरिया कमी होतो,' म्हणाला.

'मग आमच्या घरातले पाच-पाच फूट काढा,' आई म्हणाली.

आवारात एकदम शांतता. इंच इंच लढवणाऱ्या त्या गर्दीत कुणी आपले फूट परत द्यायला निघेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मागून एक काका ओरडले, 'तुमच्या घरातले काढा, आमच्या नको!' मग जो गोंधळ झाला तो अर्धा तास चालला. पण त्यात पहिल्यांदाच लोक दाराबाहेरच्या गोष्टींबद्दल भांडत होते. व्यायामशाळेची पोरं उठली. बालवाडीच्या बाई उठल्या. खालचा इस्त्रीवाला इतकी वर्षं मीटिंगला येऊन कोपऱ्यात उभा राहायचा, तोही बोलला. बाबा माझ्या शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, 'चाळीस किलो होते का गं चकली? मला वाटायचं दहा-बारा असेल.'

शेवटी कमिटीनं चार मागण्यांचं पत्र दिलं. ह्या गोष्टी तोंडी नकोत, करारनाम्यात नकाशासकट हव्यात, अशी पाचवी अट माझ्या मैत्रिणीनं घालायला लावली. आजवरचं उत्तर असं, की दुकानं रस्त्याकडे तोंड करून ठेवायला बिल्डर तयार आहे. तशा दुकानांना भाव चांगला येतो, हे त्यालाही कळतं. पुढच्या गेटचं 'बघतो' म्हणालाय. व्यायामशाळा आणि बालवाडी मिळून एकच हॉल देऊ म्हणतोय, त्यावर दोन्ही बाजू रुसल्यात. मजल्यावरच्या बसायच्या खोल्यांबद्दल अजून अवाक्षर नाही. सह्या एकोणचाळीस झाल्यात.

आईनं यंदाच्या दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्यात. बेचाळीस किलो. पुढच्या वर्षीचं विचारलं, तर गिऱ्हाइकांना 'आधी फोन करा' म्हणून सांगते.